नववी-दहावीच्या मुली डबा तसाच परत नेतात: शाळेने काय बघायचं, कधी दवाखाना गाठायचा?

चोपडा_वर्गशिक्षिका

नमस्कार. जळगाव जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळेसाठी विचारते आहे. आठवीपर्यंत पोषण आहार असतो, त्यामुळे कोण जेवलं आणि कोण नुसतं ताटाशी बसलं हे रांगेतच कळतं. नववीपासून घरचा डबा सुरू होतो आणि हे दिसणं बंद होतं.

डबा उघडला जातो. भाकरीचे बारीक बारीक तुकडे होतात, भाजी कडेला सारली जाते, मैत्रिणीला "तू घे ना" म्हणून अर्धा डबा सरकवला जातो. घंटा झाली की झाकण लागतं. विचारलं की आज सोमवार असतो, उद्या पोट दुखतं, परवा "सकाळीच खाऊन आले". मार्च महिन्यात, पारा ४० कडे सरकत असताना, एखादी मुलगी स्वेटर घालून बसते. सगळ्या वर्गाच्या तोंडी रील्समधलं 'आठ दिवसांत पोट सपाट'. आणि एकमेकींना ढोली, टमटम, काळी अशी नावं ठेवणं सर्रास.

घरी निरोप दिला तर दोन टोकाची उत्तरं मिळतात. "वयात आलीय, जरा बारीक झाली तर बरंच आहे, पुढे स्थळं बघायचीत," हे एक. "नजर लागली, उतरवून टाकली," हे दुसरं.

मला नेमकी माहिती हवी आहे. साधं डाएट आणि खाण्याचा आजार (जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहणं किंवा खाल्लेलं उलटून टाकणं) यातली रेघ कुठे? शाळेत वजनकाटा आणि उंचीची पट्टी आहे, तेवढ्यावर काय कळू शकतं? मुलीशी कसं बोलायचं? आणि या विषयावर हॉलमध्ये एक व्याख्यान ठेवावं का?

---

बालरोग_धुळे

मॅडम, सुरुवात वजनकाट्यापासून करतो, कारण तिथेच सगळ्यात मोठी चूक होते.

दहा ते पंधरा या वयात मुलीचं वजन वाढलंच पाहिजे. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षात ती आठ-नऊ सेंटिमीटरने वाढते, त्याच सुमारास वजनही वर्षाला सात-आठ किलोने वाढू शकतं. कंबर आणि मांड्या भरतात. पाळी सुरू व्हायला आणि नियमित राहायला शरीराला ती चरबी लागते. मुलीला मात्र आरशात एवढंच दिसतं की गेल्या दिवाळीचा ड्रेस दंडात अडकतोय. म्हणून या वयात सहा महिने वजन जागच्या जागी राहिलं, तर ते कमी झाल्यासारखंच धरा.

आता हिशेब. समजा १४ वर्षांची मुलगी आहे, उंची १५२ सेंटिमीटर. जूनमध्ये वजन ४५ किलो, नोव्हेंबरमध्ये ३६. वजनाला उंचीच्या वर्गाने, म्हणजे १.५२ गुणिले १.५२ ने, भागलं की बीएमआय निघतो. तो १९.५ वरून १५.६ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १४ व्या वर्षी मुलींचा मधला आकडा १९.६ आहे आणि 'कृश' ठरवणारी रेघ १५.४ वर. म्हणजे ही मुलगी तपासणीत पास! कार्डावर 'सामान्य' लिहिलं जाईल, आणि प्रत्यक्षात पाच महिन्यांत तिने वजनाचा पाचवा हिस्सा गमावलेला असेल. तिचा आकडा मधल्या आकड्याने भागून शंभराने गुणा, साधारण ८० टक्के येतात. ९० ते ८० सौम्य, ८० ते ७० मध्यम, ७० च्या खाली गंभीर असं धरतात, आणि ७५ च्या आसपास आली की भरती करण्याचा विचार होतो. मधले आकडे लिहून ठेवा: १२ व्या वर्षी १८.०, १३ ला १८.८, १४ ला १९.६, १५ ला २०.२. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे भारतीय तक्तेही आहेत. कुठलाही वापरा, पण दरवेळी तोच.

दुसरी मुलगी घ्या. उंची १५५, वजन ६६ किलोवरून ५४ वर आलं. बीएमआय २२.५, दिसायला छान, घरीदारी कौतुक. पण १८ टक्के वजन चार-पाच महिन्यांत गेलंय. उपाशी राहून गेलं असेल तर हिचीही नाडी मंदावू शकते, पाळी बंद होऊ शकते. आधी जाड असलेल्या मुलीचा आजार सगळ्यात उशिरा ओळखला जातो, कारण प्रत्येक जण तिला शाबासकी देत असतो. म्हणून एकटा आकडा पाहू नका, दोन आकड्यांमधला फरक पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. मधल्या काळातला आकडा शाळेनेच घ्यायला हवा.

वजनाखेरीज काय बघायचं ते सांगतो. हात-पाय थंडगार, बोटांची टोकं निळसर, पाठीवर-दंडावर मऊ लव, केस हातात येणं, बाकावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी. तुम्ही सांगितलेला मार्चमधला स्वेटर दोन कारणांनी असतो: शरीराला खरंच थंडी वाजते, आणि अंग झाकायचं असतं. तीन महिने पाळी न येणं मोठी खूण आहे, पण पाळी येतेय म्हणून निश्चिंत होऊ नका. २०१३ साली निदानाचे निकष बदलले तेव्हा पाळी बंद असण्याची अट काढून टाकली गेली.

उलट्या करणाऱ्या मुलीचं वजन बहुतेकदा नेहमीसारखंच असतं. तिथे गालाच्या मागे, कानाखाली दोन्ही बाजूंनी सूज, बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे, वरच्या दातांची आतली बाजू झिजलेली आणि जेवणानंतर लगेच बाथरूम असं सापडतं.

शाळेत नर्स असेल तर एक तपासणी दहा मिनिटांत होते. मुलीला पाच मिनिटं आडवं झोपवा, नाडी पूर्ण एक मिनिट मोजा (पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका), रक्तदाब घ्या. मग उभं करा, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा दोन्ही घ्या. जागेपणी नाडी ५० च्या खाली, रक्तदाब ९०/४५ च्या खाली, उभं राहिल्यावर वरचा रक्तदाब २० ने उतरणं, अंगाचं तापमान ९६ फॅरनहाइटच्या खाली, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, पाणीसुद्धा नाकारणं: यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. 'सोमवारी बघू' करू नका. मंद नाडी ऐकून "खेळाडू आहे, हृदय चांगलं आहे" असंही म्हणू नका. उपाशी शरीर ऊर्जा वाचवायला हृदयाचा वेग कमी करतं.

दवाखान्यात ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड मागा. वजन घटण्याची दुसरी कारणंही तपासावी लागतात: क्षयरोग, मधुमेह, थायरॉईड वाढणं, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार). एक उपयोगी फरक सांगतो. खाण्याच्या आजारात ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) सहसा वाढत नाही. वाढलेला आला तर आधी क्षयरोग आणि आतड्याची सूज शोधा. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तरी "काही नाही, नाटक आहे" म्हणून घरी पाठवू नका. शरीर फार उशिरापर्यंत रक्तातले आकडे सांभाळून धरतं.

---

समुपदेशक_भुसावळ

डॉक्टरांनी शरीराचं सांगितलं, मी बोलण्याचं सांगते.

डाएट आणि आजार यातली रेघ किलोमध्ये सापडत नाही, नियमांमध्ये सापडते. डाएट करणारी मुलगी मामाच्या लग्नात जेवते आणि विसरून जाते. आजारी पडत चाललेली मुलगी लग्नाला जायचंच टाळते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरभर खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस असतो, तेव्हा हिचं डोकं दुखतं. कानबाई देवीच्या उत्सवातले रोट सगळं भाऊबंद बसून खातं, ही देवघरातून ताट घेऊन आत जाते आणि ताट तसंच परत येतं. आधी तळलेलं सुटतं, मग गोड, मग भात, मग भाकरी. यादी दर महिन्याला लहान होत जाते. आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट: हीच मुलगी घरच्यांसाठी मन लावून स्वयंपाक करते, पदार्थांचे व्हिडिओ तासन् तास बघते.

असं का होतं ते पालकांना समजावायला एक जुना प्रयोग फार कामाला येतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १५७० कॅलरी. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. पण त्यांचं वागणंही बदललं. ते चिडचिडे, एकलकोंडे झाले, पाककृती गोळा करू लागले, एकेक जेवण फार वेळ लांबवत बसले. हे सगळे मनाने निरोगी पुरुष होते, त्यांना कोणी जाड म्हणालं नव्हतं. उपासमारीनेच डोकं असं चालायला लागतं. म्हणून "आधी तिचं मन वळवू, मग ती खाईल" हा क्रम चालत नाही. आधी पोटात अन्न जायला लागतं, मग मन जागेवर येतं.

प्राथमिक चाळणीसाठी पाच प्रश्न आहेत, १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेले. स्कॉफ म्हणून ओळखतात. पोट फार भरलं असं वाटून मुद्दाम उलटी करतेस का? खायला लागलीस की ताबा सुटेल अशी भीती वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन घटलंय का? लोक बारीक म्हणत असताना तुला तू जाड वाटतेस का? दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार असतो का? दोन 'हो' आले की पुढे पाठवायचं. हे निदान नाही, आणि वर्गात छापील फॉर्म वाटून तर अजिबात भरून घ्यायचं नाही. ज्या मुलीबद्दल शंका आहे तिच्याशी एकटीशी, खोलीचं दार अर्धं उघडं ठेवून, मधली सुट्टी सोडून दुसऱ्या वेळी बोलायचं. सहा किलोची अट लहान चणीच्या मुलींना फार मोठी आहे, तीन-चार किलोवरच सावध व्हा.

बोलताना तुम्ही पाहिलेलं सांगा, ठरवलेलं सांगू नका. "गेले दोन आठवडे डबा भरलेला परत जातोय, आणि प्रार्थनेला तू दोनदा खाली बसलीस. मला काळजी वाटते." एवढंच. "किती बारीक झालीस गं!" हे वाक्य तिला बक्षीस वाटतं. "छान दिसतेस, कशाला डाएट?" यानेही गाडी पुन्हा दिसण्यावरच जाते. ती "काही नाही" म्हणेल. वाद घालू नका, पण "मी आईशी बोलणार आहे, तुला सांगून बोलणार आहे" हे स्पष्ट सांगा. गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका, पुढे मोडावं लागतं. आणि एक प्रश्न सरळ विचारायचा: जगू नये असं वाटतं का? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. या आजारात आत्महत्येचा धोका खरा आहे.

व्याख्यानाबद्दल: हॉलमध्ये आजाराची लक्षणं, कोण काय लपवतं, किती किलोला काय होतं हे सांगू नका. ज्या दोन मुली काठावर आहेत त्या वहीत उतरवून घेतात. त्याऐवजी दहा-बारा मुलींचा गट करा, चार तासिका घ्या, आणि बोलायला मुलींनाच लावा. 'बारीकच असलं पाहिजे' या हट्टाची किंमत काय, कोणाचा धंदा त्यावर चालतो, सहावीतल्या मुलीने "मी जाड आहे का गं ताई?" विचारलं तर तिला पत्रात काय लिहाल? स्वतःच्या तोंडून, चारचौघांत त्या विचाराविरुद्ध बोललं की तो आतूनही सैल होतो. या पद्धतीचे चांगले परिणाम अनेक अभ्यासांत दिसले आहेत.

पडद्याचा परिणाम खरंच होतो का, असं पालक विचारतात. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांच्या अभ्यासात वजन घटवायला उलटी करणाऱ्या शाळकरी मुली आधी एकही नव्हती, १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. भरलेल्या अंगाचं जिथे कौतुक होतं अशा समाजातली ही गोष्ट आहे. आपल्याकडेही आजी अजून 'अंगाने भरलेली' हे चांगल्या अर्थानेच म्हणते.

---

चोपडा_वर्गशिक्षिका

दोघांचेही आभार. मधल्या आकड्यांचा कागद आजच कपाटात लावते. एक अडचण उरते. आई-वडील तयार झाले तरी ते पुढे विचारतात, "खाऊ घालायचं म्हणजे काय घालायचं? तोंडच उघडत नाही." आणि उपवासाचं काय? मुलगी "देवाचं आहे" म्हणाली की घरात कोणी बोलत नाही.

---

आहारतज्ज्ञ_अमळनेर

ताई, या वयातल्या मुलींसाठी सगळ्यात जास्त पुरावा असलेली उपचारपद्धत घरातच चालते. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा खायचं हे सगळं आई-वडील ठरवतात. दुसऱ्या टप्प्यात ते हळूहळू मुलीच्या हाती परत देतात, तिसऱ्यात तिचं बाकीचं आयुष्य. साधारण वर्षभरात अठरा-वीस भेटी होतात, सोबत डॉक्टर आणि समुपदेशक लागतातच. यात मुलीचा दोष नाही आणि आईचाही नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून टाका. मग कामाला लागता येतं.

दिवसातून सहा वेळा. सकाळी आठला नाश्ता, साडेदहाला काहीतरी, एकला जेवण, साडेचारला पुन्हा काही, आठला जेवण, झोपताना दूध. ताट आईने किंवा वडिलांनी वाढायचं, मुलीने स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही. ती भाजीतलं तेल मोजत राहते. जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं, आणि कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसून स्वतःही जेवणार. बाथरूमला जेवणाआधी जाऊन यायचं, नंतर तासभर सगळ्यांसोबत बाहेरच्या खोलीत.

१३ ते १५ वर्षांच्या मुलीची रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात साधारण २४०० कॅलरी धरली आहे. गमावलेलं परत आणायचं तर पुढे त्याहून जास्त लागतं. मोठं ताट बघून ती घाबरते, म्हणून ताट न वाढवता त्यातलं बळ वाढवायचं, आणि त्यासाठी खान्देशाचं स्वयंपाकघर उत्तम आहे. कळण्याच्या एका भाकरीत ज्वारी आणि उडीद दोन्ही जातात. वर पंधरा मिली तूप सोडलं की सव्वाशेच्या आसपास कॅलरी वाढतात, ताट तेवढंच राहतं. वांग्याच्या भरतात तेल आणि शेंगदाणे. तीस ग्रॅम शेंगदाणे म्हणजे सुमारे १७० कॅलरी. वरण-बट्टीची बट्टी तुपात बुडवलेली. एक केळं शंभराच्या आसपास, रावेर-यावलच्या घरात ते कधी संपत नाही. केळं, पेलाभर म्हशीचं दूध आणि शेंगदाण्या-गुळाचा एक लाडू मिळून साडेचारशे-पाचशेचं साडेचारचं खाणं होतं. हे आकडे आईच्या डोक्यात राहू द्या. मुलीसमोर कॅलरी हा शब्द काढायचा नाही आणि पाकिटामागचं वाचायचं नाही.

कुठे बिघडतं ते नीट लक्षात घ्या. सौदा सुरू झाला की बिघडतं: "अर्धी खा, मग मोबाईल देते" म्हटलं की उद्या पाव भाकरीवर बोलणी सुरू होतात. घरातली दोन मोठी माणसं दोन बोलली की बिघडतं. आई ताट वाढते आणि काकू म्हणते "नको ना जबरदस्ती करू, पोरगी रडतेय". म्हणून आजी, काकू, मोठा भाऊ सगळ्यांना एकदा बसवून एकच वाक्य ठरवून घ्या: "हे औषध आहे, संपेपर्यंत मी इथेच बसलेय." हळू आवाजात, तेच तेच. ओरडायचं नाही, समजावायचं नाही. 'पोटाला हलकं' म्हणून आठवडाभर मुगाची पातळ खिचडी दिली तरी बिघडतं, त्यात पोट भरतं पण बळ येत नाही. आई स्वतः संध्याकाळी फक्त काकडी खात असेल तर तेही थांबवावं लागतं. आणि वजन वाढायला लागल्यावर "आता कशी बरी दिसतेस!" हे तोंडातून जाऊ देऊ नका. तिला ते 'जाड झालीस' असं ऐकू जातं. वजन आठवड्यातून एकदाच, दवाखान्यात. घरचा काटा शेजारी देऊन टाका.

एक गोष्ट जीवावरची आहे. दहा दिवस किंवा जास्त जवळपास काहीच न खाल्लेल्या, किंवा झपाट्याने खूप वजन गमावलेल्या मुलीला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. उपाशी शरीरात अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. धोका पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त. अशा मुलीचं खाणं दवाखान्यात सुरू करायचं, रक्त पुन्हा पुन्हा तपासत, आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन.

जुलाबाच्या गोळ्या, चूर्ण, एरंडेल यांबद्दल मुलींना कारणासकट सांगा. अन्नातलं बहुतेक बळ लहान आतड्यात आधीच शोषलं गेलेलं असतं, यातली बहुतेक औषधं काम करतात ती पुढे, मोठ्या आतड्यात. बाहेर जातं ते पाणी आणि पोटॅशियम. काट्यावर एक किलो कमी दिसतं, दुसऱ्या दिवशी परत येतं. मे महिन्यात जळगावच्या ४४ अंशांत हे जास्तच घातक. उलटी झालीच असेल तर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेला दात घासला जातो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं.

उपवास: जुन्या रीतीतच आजाऱ्याला, गरोदर बाईला, लेकराला उपवास नाही. गुरुजींकडून किंवा घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून "बरी होईपर्यंत तुझा उपास मी धरते" असं वदवून घेतलं तर निम्मा वाद मिटतो. खरा उपवास आणि आडोसा ओळखायचा तर बघा: खरा उपवास धरणारी संध्याकाळी आनंदाने सोडते. आडोसा घेणारीचे वार वाढत जातात, सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, आणि साबुदाण्याची खिचडीसुद्धा चालत नाही.

---

सातपुडा_आरोग्य

नंदुरबारकडच्यांसाठी थोडं वेगळं. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या आश्रमशाळेत बीएमआय कमी दिसला की लगेच खाण्याचा आजार म्हणू नका. तिथे बारीकपणाची पहिली कारणं अपुरं अन्न, जंत, रक्तक्षय, सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) आणि क्षयरोग. हिमोग्लोबिन बघा (बारा वर्षांपुढच्या मुलीत १२ च्या खाली रक्तक्षय), सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की चाचणी करून घ्या. आठवड्याची लोहाची निळी गोळी खरंच पोटात जाते का तेही पाहा, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं तिच्यात. जंतनाशक वर्षातून दोनदा.

फरक ताटापाशी कळतो. भुकेल्या मुलीपुढे ताट आलं की ती जेवते, दुसऱ्यांदा मागते, वजन वाढलं की तिला बरं वाटतं. आजारी मुलगी ताट टाळते आणि वाढलेल्या वजनाने रडते. पण आदिवासी मुलींना हा आजार होतच नाही असंही समजू नका. मोबाईल वसतिगृहात पोचलाय. सिकलसेल आणि उपासमार एकत्र आली तर जास्त सावध राहा, पाणी कमी पडलं की वेदनेचा झटका येतो.

---

क्रीडाशिक्षक_शिरपूर

मैदानावरचं थोडक्यात. कुस्तीत वजनगट असतो, आणि स्पर्धेआधी दोन दिवस पाणी तोडून, प्लॅस्टिकचं जाकीट घालून धावून वजन उतरवतात. शाळकरी मुलींना हे करू देऊ नका, वरच्या गटात खेळवा. धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने चुकली आणि नडगीचं दुखणं एकाच जागी टिकून राहिलं, तर ते हाडाला तडा जाण्याचं लक्षण असू शकतं. तिचं धावणं बंद करून डॉक्टरकडे पाठवा. सराव वाढतो आणि खाणं तेवढंच राहतं, त्यातून हे होतं. 'जाड आहेस, दोन फेऱ्या जास्त मार' ही शिक्षा कोणत्याही सरांनी देऊ नये. आणि जी मुलगी ताप असतानाही, सुट्टीतही, गच्चीवर लपूनही व्यायाम करते तिला शिस्तीची म्हणून पुढे उभी करू नका.

---

समुपदेशक_भुसावळ

वर रंगाचा उल्लेख होता, त्यावर दोन ओळी. 'काळी' म्हणून हिणवलेली मुलगी मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणते. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग पातळ लाल कातडी, पुरळ, गालावर लव, आणि बंद केलं की आग. एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. शाळेच्या भिंतीवर तसं पोस्टर दिसलं तर काढून टाका.

कुठे पाठवायचं: जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बालरोग आणि मानसोपचार, दोन्ही ओपीडींच्या चिठ्ठ्या एकाच दिवशी काढा, नाहीतर "आधी त्यांना दाखवा" यात महिना जातो. सरकारी दवाखान्यातलं किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिकही आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण किंवा छळ दिसला तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

---

चोपडा_वर्गशिक्षिका

शेवटचं विचारते. वजन वर्गात घ्यायचं की नाही? आत्तापर्यंत रांग लावून, एक मुलगी मोठ्याने आकडा सांगते आणि दुसरी वहीत लिहिते, असं चालत आलंय.

---

बालरोग_धुळे

ती रांग आजपासून बंद करा. वजन प्रयोगशाळेत किंवा कार्यालयाच्या मागच्या खोलीत, एकेका मुलीला बोलावून, एका शिक्षिकेनेच घ्यायचं. वर्षातून तीनदा पुरे: जूनमध्ये, दिवाळीनंतर, मार्चच्या सुरुवातीला. चपला, स्वेटर, ओढणी, कंबरेचा पट्टा काढून, खिसे रिकामे करून. काटा फरशीवर सपाट, आधी शून्यावर आलाय का बघायचं, आणि दरवेळी तोच काटा. उंचीला वेण्या, अंबाडा सोडायचा, टाचा-कुल्ले-खांदे भिंतीला टेकलेले, नजर सरळ समोर.

शंका असलेल्या मुलीला काट्यावर पाठमोरी उभी करा, आकडा तिला दिसू देऊ नका, सांगूही नका. तिने विचारलं तर "तुझ्या वाढीसाठी लिहून ठेवतेय" एवढंच. वजन घेण्याआधी बाथरूमला जाऊन यायला सांगा. आकडा वाढवायला काही मुली लिटरभर पाणी पिऊन येतात, आणि एवढं पाणी एकदम गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. वही कपाटात, किल्ली तुमच्याकडे. प्रगतिपुस्तकावर वजन छापायचं असेल तर ते बंद पाकिटात पालकांच्या हाती द्या, मुलीच्या दप्तरात नको.

मागच्या नोंदीपेक्षा वजन कमी झालेली, किंवा उंची वाढूनही वजन तिथेच असलेली प्रत्येक मुलगी वेगळ्या पानावर लिहा. त्या पानावरच्या मुलींचं वजन तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या. दुसऱ्यांदाही उतरलेलं दिसलं तर वर सांगितलेली नाडी-रक्तदाबाची तपासणी त्याच तासाला करा, आणि पालकांना फोन शाळा सुटायच्या आत.